कल्पना संपल्या म्हणून नव्हे

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेममधल्या नव्या प्राण्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : चित्रकारांच्या कल्पना आटल्या, आता किल्ल्यांच्या जुडग्यालाही डोळे लावतात! रोख असतो २०१३ मधल्या क्लेफ्कीवर.

वस्तुस्थिती वेगळी आहे. शंभर वर्षे वापरलेल्या वस्तूत जीव येतो, ही जपानमधली फार जुनी समजूत. अशा वस्तूंना तिथे त्सुकुमोगामी म्हणतात. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७८४ मध्ये अशा वस्तूंच्या भुतावळीचे अख्खे पुस्तक काढले. त्यात बिवा या तंतुवाद्यालाही माणसाचे अंग फुटले आहे. टाकून दिलेली बाहुली आकसाने जिवंत होते, तो पोकेमॉनमधला बॅनेट याच जातकुळीतला. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. दसऱ्याला सिन्नरजवळच्या माळेगाव, मुसळगावच्या कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूचे हार चढतात. जपानमध्ये ८ फेब्रुवारीला झिजलेल्या, मोडक्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांचे आभार मानतात. राबलेल्या वस्तूची कदर दोन्हीकडे आहे.

दुसरा गैरसमज असा की हे प्राणी वाटेल तसे जोडलेले असतात. विस्कॅश हा मिशाळ मासा उसळला की भूकंप होतो, असे खेळात सांगितले आहे. जमिनीखालचा नामाझू नावाचा अवाढव्य मासा हलला की धरणी हादरते, असे जपानी लोक मानत. १८५५ च्या भूकंपानंतर एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, त्याची चित्रे धडाक्याने विकली गेली. ड्राउझी स्वप्ने खातो, कारण लोककथेतला सोंडवाला बाकूही स्वप्ने खातो. मावाइलच्या डोक्यामागचा जबडा पाहून किळस येत असेल, तर डोक्याच्या मागे दुसरे तोंड असलेल्या बाईची जपानी कथा वाचावी.

आणि ‘असला प्राणी असतो का?’ हा प्रश्न गोंदेश्वराचे देऊळ असलेल्या सिन्नरात तरी पडू नये. यादवकालीन शिल्पकारांच्या परंपरेतला मकर पाहा. मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाचे अंग. कीर्तिमुखाला तर धडच नाही. भुकेल्या त्या गणाला शिवाने स्वतःचेच अंग खायला सांगितले, त्याने ते खाल्ले, उरला तो चेहरा. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला दारावर मानाची जागा दिली. गोष्ट कळली की तो विद्रूप चेहरा भव्य वाटू लागतो. मावाइलचेही तसेच आहे.

मात्र प्रत्येक पोकेमॉनमागे भूत शोधणे हाही गैरसमजच. खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत, त्या छंदातून हा खेळ सुचला. १९९६ पासून आलेल्या प्राण्यांत साधे किडे, पक्षी, मासे भरपूर आहेत. काही रूपे फसलीही आहेत. पण ‘विचित्र, म्हणून वाईट’ हा निकष टिकत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आपल्या पुराणकथांवर ‘राजी’ हा खेळ काढला. लोककथांत याहून कितीतरी अधिक पडून आहे. पाण्यात ओढणारा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, हडळ यांच्या गोष्टी घरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतील, तर आजच विचारून लिहून ठेवा. हात चालत असेल, तर त्यांची चित्रेही काढा.