कागद म्हणतो, कान म्हणतात

निवृत्तीनंतर गाणे ऐकण्यासाठी चांगला अँप्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे ठरले, तेव्हा कर्जाचा प्रस्ताव छाननीला घ्यावा तशी मी माहितीपत्रके घेऊन बसलो. वॅट किती, विकृती ०.०१ टक्का की ०.००३? बँकेची सवय, दुसरे काय!

भाचा इंजिनीअर. तो हसला. म्हणाला, ''मामा, १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांत हा आकडा खाली आणण्याची चढाओढच लागली होती. कागदावर शून्ये वाढली, ऐकणाऱ्यांची कुरकुर काही थांबली नाही.'' स्थिर स्वरावर घेतलेले माप अचानक उसळणाऱ्या आवाजाबद्दल फारसे सांगत नाही, हे फिनलंडच्या मत्ती ओटाला यांनी त्याच दशकात मांडले होते.

मग मी कानांवर विसंबलो. दुकानात स्पीकरचे दोन जोड ऐकले. महागडा किती मोकळा वाटला! भाच्याने तेही मोडीत काढले. आवाज एखाद्या डेसिबलने चढा असला की तो मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. त्यात डोळ्यांची लबाडी वेगळीच. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर लोकांना दाखवून आणि पडद्याआड ठेवून असे दोन्ही प्रकारे ऐकवले, गुण बदलले. आणि गंमत म्हणजे, पडद्याआड लोकांना आवडतात ते बहुधा मोजमापातही सरळ, समतोल निघतात, असे टूल यांना वर्षानुवर्षे आढळले. म्हणजे भांडण कानांचे आणि यंत्राचे नव्हतेच म्हणायचे.

दुकानदार ओळखीचा. दोन्ही जोड त्याने शनिवारी घरी पाठवले. भाच्याने पुढे चादर टांगली, मीटर लावून आवाज सारखा केला आणि तंबोरा लावला. मला दोन्ही सारखेच. फार तर दुसरा जरा स्पष्ट. सौ. भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ''अहो, हा दुसरा पत्र्यासारखा वाजतोय. जवारी अशी टोचते का कधी?''

दुसरा म्हणजे तो महागडा. वरच्या पट्टीत त्याचा आवाज मुद्दाम चढवलेला होता.

मग भाच्याने नुसते स्वर ऐकवले. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते, असे पुस्तक सांगते. वयाबरोबर आधी वरचे जाते. ८,००० च्या पुढे माझ्यासाठी खोलीत शांतता पसरली. सौ.ची मान मात्र अजून हलत होती.

स्वस्तातला जोड ठेवला. हल्ली रात्री गाणे लावतो. वरच्या सप्तकात तान गेली की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो.