मधली मोकळी माती

संध्याकाळी पाचच्या सुमारास दादरच्या शिवाजी पार्कात जावं. एकाच मैदानात कितीतरी सामने चाललेले असतात. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. उंच फटका शेजारच्या डावात पडला, की तिथला पोरगा आपला खेळ न थांबवता चेंडू परत भिरकावतो. दाटीत एकमेकांना सांभाळून घेणं मुंबईकर कुठे शिकतो, असं कुणी विचारलं तर मी इथे बोट दाखवेन.

महापालिकेनं १९२५ मध्ये हे मैदान खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं महाराजांचं नाव मिळालं. नावात पार्क असलं, तरी सुमारे अठ्ठावीस एकरांचा मधला भाग म्हणजे उघडी माती. हीच त्याची खरी श्रीमंती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ती पुरली, दसरा मेळाव्यांना पुरली.

रमाकांत आचरेकर सर इथल्या नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्या गोलंदाजाचं ते नाणं; कुणीच बाद करू शकलं नाही, तर फलंदाजाचं. सचिन तेंडुलकरनं अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. पलीकडे समर्थ व्यायाम मंदिरात एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर मुली सरसर चढत असतात. आणि भोवती कट्टा. सकाळी फेऱ्या मारणारे तिथेच दम खातात, दुपारी कॉलेजची पोरं, रात्री जेवून आलेले शेजारी.

उन्हाळ्यात लाल धूळ उडते आणि भोवतालच्या घरांत खोकला शिरतो. त्यावर नीट उपाय व्हायलाच हवा. पण त्यासाठी मधली माती फरशीखाली गाडू नये.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो लोक येतात, तेव्हा हेच मैदान त्यांचं घर होतं. मंडपाखाली सतरंजीवर गाठोडं उशाला घेऊन आजी झोपलेली, शेजारी पुस्तकांच्या स्टॉलवर नातू उभ्या उभ्या पान उलटत असलेला. त्या गर्दीत मी दरवर्षी जातो आणि पिशवीभर पुस्तकं घेऊन परततो. काही दिवसांनी मंडप उतरतात. पोरं बांबूंचे खड्डे पायानं बुजवतात आणि नेट बांधायला घेतात.