कॉलेजचा ई-मेल आयडी : मिळाला, आता पुढे काय?



आपल्या शाळेतून गेलेली मुलं बारावीनंतर कॉलेजात, विद्यापीठात जातात. तिथे प्रवेश झाला की अनेक संस्था मुलांना स्वतंत्र ई-मेल आयडी देतात. मुलं म्हणतात, "माझं जीमेल आहे की, हे कशाला?" आणि तो आयडी तसाच पडून राहतो. मग परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख त्याच मेलवर येते आणि निघून जाते! म्हणून आज ही माहिती सोप्या भाषेत पाहू.

हा आयडी वेगळा कसा?

ई-मेल पत्त्यात @ च्या आधी आपलं नाव आणि नंतर संस्थेचं नाव असतं. भारतातल्या शिक्षणसंस्थांच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा .एसी.इन किंवा .ईडीयू.इन असतं. ही नावं ‘अर्नेट इंडिया’ ही सरकारी संस्था फक्त शैक्षणिक संस्थांनाच देते. त्यामुळे असा पत्ता हे विद्यार्थी असल्याचं एक प्रकारचं ओळखपत्रच ठरतं. मात्र खात्याची मालकी संस्थेची असते, आपली नाही. हे कायम लक्षात ठेवा.

खातं सुरू कसं करायचं?

१. प्रवेशाच्या कागदांत किंवा एसएमएसमध्ये आयडी आणि तात्पुरता पासवर्ड येतो. खातं गूगलचं आहे की मायक्रोसॉफ्टचं, हे कार्यालयात विचारून घ्या. गूगलचं असेल तर जीमेल, मायक्रोसॉफ्टचं असेल तर आउटलुक.

२. आयडी जसाच्या तसा टाका. साध्या जीमेलमध्ये नावातला टिंब चुकला तरी चालतो, पण संस्थेच्या खात्यात टिंबालाही महत्त्व आहे. पासवर्डमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत होऊ देऊ नका.

३. आत गेल्यावर लगेच पासवर्ड बदला. तात्पुरता पासवर्ड जन्मतारखेवरून बनवलेला असेल, तर तो कोणीही ओळखू शकतो.

४. दुहेरी पडताळणी सुरू करा. म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरही खात्री केली जाते. गूगल यासाठी एकदाच वापरता येणारे १० बॅकअप कोड देतं. ते वहीत लिहून ठेवा. मोबाईल हरवला तर हेच कोड कामी येतात.

५. मोबाईलच्या जीमेल अ‍ॅपमध्ये उजवीकडे वर स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून ‘खाते जोडा’ निवडा. जुनं खातं काढावं लागत नाही, दोन्ही एकत्र चालतात. सूचना सुरू आहेत ना, तेही बघा.

पासवर्ड विसरला तर?

अशा खात्यांत बऱ्याचदा ‘अ‍ॅडमिनशी संपर्क साधा’ एवढाच संदेश दिसतो. घाबरू नका. संस्थेच्या संगणक विभागात ओळखपत्र घेऊन जा, तिथे नवा पासवर्ड देता येतो. सायबर कॅफेत वेळ आणि पैसे घालवू नका.

पालकांसाठी तीन गोष्टी

"तुमचं खातं बंद होणार आहे, इथे पासवर्ड टाका" असा मेल आला तर लिंक दाबू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. ओटीपी कोणालाही सांगू नका.

बँक, डिजिलॉकर, नोकरीचे अर्ज यांसाठी स्वतःचा खाजगी मेलच वापरा. शिक्षण संपलं की संस्था हे खातं बंद करू शकते. त्यामुळे शेवटच्या सत्रातच प्रकल्प, फोटो, महत्त्वाचे मेल उतरवून घ्या. गूगलच्या खात्यात संस्थेने परवानगी ठेवली असेल तर ‘टेकआउट’ सोयीने सगळं एकदम घेता येतं.

आणि रोज एकदा तरी मेल उघडायची सवय लावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा निरोप शंभर मेसेजखाली दबतो, मेलमधला मात्र शोधला की सापडतो.

शिक्षक मित्रांनो, दहावी-बारावीच्या मुलांकडून एकदा तरी विषय, मायना, मजकूर आणि नाव असलेला नीटनेटका मेल लिहून घ्या. पत्रलेखन आपण शिकवतोच, त्यात हा एक तास वाढवला तर गावातून शहरात गेलेलं आपलं पोरगं पहिल्याच आठवड्यात गोंधळणार नाही.