फुगीर नळीतले घोडे

नवी आरएक्स १०० मोटारसायकल दारात आली की पोरं पहिलं काम एकच करायची: सायलेन्सरच्या शेपटातली आतली नळी काढून टाकायची. मग गाडी गल्लीत शिरली की अख्खी चाळ गॅलरीत यायची आणि चालवणाऱ्याला वाटायचं, पिकअप वाढला. वाढलेला असायचा फक्त आवाज. पिकअप बहुधा घटलेलाच असायचा, कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे नुसतं धुराडं नव्हे. तो इंजिनाचाच भाग असतो, आणि शर्यतीच्या गाडीत तर सगळ्यात मोलाचा.

का, ते पाहू. अशा टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि वरखाली होणारा पिस्टनच त्यांची दारं उघडतो, मिटतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, जळका धूर निघतो. मग ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर येतं. परतीच्या वाटेवर क्रम उलटा. ट्रान्सफर आधी मिटतात, एक्झॉस्ट मात्र अजून उघडाच. त्या फटीतून ताजा माल न जळताच बाहेर पळतो. टू-स्ट्रोक पेट्रोल पितं ते यामुळे.

ही गळती अडवण्याचं शास्त्र उभं केलं ते वॉल्टर काडेन या जर्मन इंजिनिअरने. महायुद्धात तो पेनेम्युंडे इथे क्षेपणास्त्रांवर काम करत होता. १९५३च्या सुमारास पूर्व जर्मनीतल्या च्शोपाऊ गावी त्याच्याकडे एमझेड कारखान्याच्या रेसिंगची सूत्रं आली. पैसा जेमतेम, सुटे भाग मिळण्याची मारामार. फुगीर एक्झॉस्टची कल्पना त्याच्या आधी डीकेडब्ल्यूच्या एरिश वोल्फने गाड्यांवर चढवली होती. पण नळीत नेमकं काय घडतं, हे काडेनने ऑसिलोस्कोप लावून पाहिलं.

घडतं ते असं. पोर्ट उघडताच धुराबरोबर दाबाची एक लाट नळीत सुटते. नळी रुंदावत जाते तिथून ओढणारी, उणी लाट मागे येते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर उपसून काढते, ताजं मिश्रणही वर खेचते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते. तिथे आपटून दाबाची लाट परत फिरते आणि पोर्टबाहेर सांडलेला ताजा माल पोर्ट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलून देते. एकही हलता भाग नसलेला हा पंप आहे. शेपटातली बारीक नळी आतला दाब राखते. पोरं काढून टाकायची ती हीच.

सगळा खेळ लाटेच्या वेळेचा. एक्झॉस्ट पोर्ट १८० अंश, म्हणजे अर्धा फेरा, उघडा राहतो असं धरा. ९,००० आरपीएमला अर्ध्या फेऱ्याला लागतो सेकंदाचा तीनशेवा भाग. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५१८ मीटर धावते असं ट्यूनर धरतात. जाऊन-येऊन तिचा प्रवास सुमारे १७३ सेंटिमीटर, म्हणून पिस्टनपासून परतीच्या शंकूपर्यंतचं अंतर ८६ सेंटिमीटर. १०,००० आरपीएमला जोर हवा असेल तर नळी ७८ सेंटिमीटरवर आणावी लागते. आठ सेंटिमीटर पत्र्यात हजार आरपीएमचा फरक! पत्रा कापून, वळवून, वेल्डिंग मारून असे शंकू जोडणारे कारागीर मला कायम सुतारापेक्षा सोनाराच्या जवळचे वाटत आले आहेत.

१९६१ साली काडेनच्या १२५ सीसी इंजिनाने १०,८००च्या आसपास आरपीएमला २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरला २००, आणि तीही टर्बो-सुपरचार्जरशिवाय. त्या वर्षी १२५च्या जागतिक स्पर्धेत एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर आघाडीवर होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीत त्याचं इंजिन बसलं, आणि तो तिथूनच पश्चिमेकडे निसटला; बायको-मुलांना एका मोटारीत लपवून सीमेपार आणलं गेलं. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं. डेग्नर सुझुकीला मिळाला, काडेनची विद्या बरोबर घेऊन, आणि १९६२ साली त्याने ५० सीसीत सुझुकीला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. काडेन च्शोपाऊमध्येच राहिला. जपानी टू-स्ट्रोकच्या वैभवाचं श्रेय वाटताना त्याचं नाव आजही पुरेसं घेतलं जात नाही, असं माझं मत आहे.

आता आपल्या आरएक्सकडे. ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही तेवढाच, ११ अश्वशक्ती. लिटरच्या हिशेबात ११२, म्हणजे काडेनच्या अर्ध्याच्या थोडं वर. रस्त्यासाठी ते शहाणपणाचं. शर्यतीसाठी आत वाव आहे. पहिला हात पोर्टवर. एक्झॉस्टची वरची कड एक मिलिमीटर घासून उचलली की पोर्ट सुमारे साडेचार अंश जास्त उघडा राहतो. वरच्या आरपीएमची ताकद वाढते, खालची जाते. घासलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून जाणता मिस्त्री आधी अंशांची चकती क्रँकला लावून मोजतो आणि मगच ग्राइंडर हातात घेतो. कड गोलसर करणं राहिलं तर रिंग अडकून तुटते. मग हेड. लेथवर ते उतरवून कॉम्प्रेशन वाढवतात. पिस्टन आणि हेडच्या कडेतली फट मिलिमीटरच्या आसपास आणली तर जळण नीट होतं. हाव सुटली की फटफट ठोके येतात आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

सगळ्यात नाजूक काम कार्बोरेटरचं. मेन जेट लहान पडला की पेट्रोल कमी, उष्णता जास्त. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर वंगणही कमी पडतं, आणि पूर्ण वेगात इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी धरतं. म्हणूनच मुरलेले रायडर दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात. सुरुवात मोठ्या जेटने करायची, एकेक पायरी उतरायची, दर वेळी फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढून बघायचा. काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे थांबा. त्यातही मुंबईला बसवलेला जेट पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर थोडा मोठा ठरतो, आणि महाबळेश्वरच्या तेराशेवर तर गाडी घुसमटते.

एवढं करून ताकद मिळते ती अरुंद पट्ट्यात. त्याच्या खाली इंजिन मेल्यासारखं, वर गेलं की पुन्हा मेलेलं. सुझुकीने १९६७ साली याचं टोक गाठलं: ५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरचं इंजिन, १७,००० आरपीएम आणि पट्ट्यात राहण्यासाठी चौदा गिअर. शेवटी नियम करून ५० सीसीला एक सिलिंडर आणि सहा गिअरची मर्यादा घालावी लागली. आरएक्स १००ला चारच गिअर. दुसऱ्यावरून तिसऱ्यात टाकताना आरपीएम पट्ट्याखाली कोसळली, तर सगळी घासाघीस पाण्यात. म्हणून कुणी आरएक्स १३५च्या पाच गिअरवाल्या मॉडेलचा गिअरबॉक्स भंगारात शोधत फिरतो, तर कुणी तीन-चार घोडे मुद्दाम सोडून पट्टा रुंद ठेवतो. पाव मैलाच्या ड्रॅगमध्ये मी दुसऱ्यावर पैज लावीन.