घाम गाळून बीपी जातो का?

मुरबे गावातल्या आपल्या एका मावशींनी मला विचारलं, "सिस्टर, बोईसरला लाकडी खोलीत बसवून घाम काढतात. बीपी, गुडघे, वजन सगळं जातं म्हणे. गोळ्या सोडून जाऊ का?" मी म्हटलं, "गोळी चुकवू नका. आधी मी जाऊन येते."

गेले. आत जाण्याआधी बीपी कोणी मोजला नाही, कुठली औषधं चालू आहेत हेही विचारलं नाही. खोलीत पन्नास-पंचावन्न अंश तापमान. दहा मिनिटांत घामाच्या धारा लागल्या. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा कंबर मोकळी वाटत होती, हे खोटं सांगणार नाही. पैसे मात्र मोलकरणीच्या दोन दिवसांच्या कमाईइतके गेले.

यात जादू नाही. पेटत्या शेगडीजवळ हात धरला की जी ऊब लागते, तेच हे इन्फ्रारेड किरण. सरकारी दवाखान्यात दुखऱ्या सांध्याला शेक देणारा लाल दिवाही त्यातलाच. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, थोडा वेळ बरं वाटतं. पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. काट्यावर कमी झालेलं वजन पाणी प्यायल्यावर परत येतं.

फिनलंडमध्ये 2,315 पुरुषांचा अनेक वर्षं अभ्यास झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. वारंवार सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू कमी दिसले. पण तो सौना बराच जास्त गरम, वेगळ्या प्रकारचा. शिवाय त्यातून सौनामुळेच आयुष्य वाढलं, हे सिद्ध होत नाही. गोळी सोडा, असं तर त्यात कुठेच नाही.

घाम काढण्याचा उपाय आपल्याला नवा नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे, की वैशालीत भिक्खू पौष्टिक जेवणाने जड झालेले पाहून वैद्य जीवकाने भगवान बुद्धांकडे दोन गोष्टी मागितल्या : चंक्रमण, म्हणजे चालण्याची जागा, आणि जंताघर, म्हणजे गरम खोली. आधी चालणं, मग गरम खोली. चालायला पैसे लागत नाहीत.

या खोलीत कोणी बसू नये? गरोदर बाई, हृदयरोगी, ताप आलेला, दारू प्यायलेला, लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणारा. साखरेमुळे पाय बधिर असतील तर चटका कळत नाही. आणि सिकलसेलचा रुग्ण. हा आजार विदर्भातल्या आपल्या समाजात आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत आढळतो. अंगातलं पाणी कमी झालं की त्यात असह्य वेदना सुरू होऊ शकतात. घरात कोणाला असेल, तर सरकारी दवाखान्यात सगळ्यांची तपासणी करून घ्या.

तारापूर एमआयडीसीत बॉयलरजवळ राबणाऱ्या भावांनो, तुमचा घाम तर रोजच निघतो. तुम्हाला पाणी, सावली आणि विश्रांती हवी, ती हक्काने मागा. चक्कर, उलटी, बडबड सुरू झाली तर माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, 108 ला फोन करा.

परत आल्यावर मावशींचा बीपी मोजला : 170/100. चार दिवस गोळ्या बंदच होत्या, हे तेव्हा कळलं. त्याच दिवशी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. आता गोळी रोज चालू आहे, आणि संध्याकाळी खाडीपर्यंत चालणं. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी.