रजिस्ट्रीला शेवाळ धरत नाही

पाचूबंदरच्या एका मावशीने परवा माझ्यासमोर एक बिल धरलं. मुलीचा संगणक मंद झाला म्हणून दुकानात दिला होता, तो अकराशे रुपयांच्या कागदासह परत आला. सर्व्हिसिंग, अँटिव्हायरस आणि तिसरी ओळ 'रजिस्ट्री क्लीनिंग – ४०० रु.' मावशीने विचारलं, "रजिस्ट्री म्हणजे आपण जमिनीची करतो तीच का रे? मग ती साफ कशाला करायची?"

मावशी संगणकाला हात लावत नाही, तरी प्रश्न इतका नेमका होता की मला उत्तर सुचेना. शिवाय लाज वाटली ती वेगळीच. वसईत बिलावर ही ओळ लिहिण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांच्यातला मी एक. तेव्हा भाव दीडशे होता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. त्याआधी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ ला तीस वर्षं झाली. म्हणजे ज्या रजिस्ट्रीच्या नावावर आम्ही पैसे कमावले, तीही आता तिशीची. विंडोज ३.१ मध्ये १९९२ साली तशी एक छोटी फाइल होती, पण तिला कोणी विचारत नव्हतं. प्रत्येक प्रोग्राम आपली माहिती वेगळ्या आयएनआय फाइलीत ठेवायचा. हा पसारा आवरायला ९५ मध्ये सगळी नोंद एका वहीत आणली: कोणतं सॉफ्टवेअर कुठे आहे, कोणती फाइल कशाने उघडायची, प्रिंटर कुठला. नव्वदच्या दशकाबद्दल एवढं पुरे. तेव्हा आमच्या बंदरावर संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

खरी गंमत २००१ पासून पुढची. त्या वर्षी एमएस-सीआयटी आलं आणि घराघरात 'कोर्स केला का?' सुरू झालं. मी पारनाक्याच्या बाजूला दोन टेबलांचं दुकान टाकलं. वसई रोडहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवरून सेलेरॉन आणि १२८ एमबी रॅम पाठीवरच्या पिशवीत घालून संध्याकाळपर्यंत परत. मासेमारी बंद असली की पावसाळ्यात खलाशी पोरं दुकानात येऊन बसायची. कोणी टायपिंग शिकायचं, कोणी नुसतं पत्ते खेळायचं. नाताळच्या आधी लग्नपत्रिकांची रांग लागायची.

रजिस्ट्री साफ करायचं खूळ आलं ते मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडींतून. प्रत्येक सीडीवर दोन-तीन 'क्लीनर' असायचेच, आणि आतल्या पानांवर 'तुमचा पीसी दुप्पट वेगवान करा' छापाचे लेख. त्या लेखकांवर माझा अजून राग आहे. एकानेही घड्याळ लावून आधीचा आणि नंतरचा वेळ छापला नाही. आम्ही दुकानदार तरी कुठे लावत होतो म्हणा. मायक्रोसॉफ्टने स्वतःच नव्वदच्या दशकात रेगक्लीन नावाचं साधन फुकट दिलं होतं आणि पुढे गुपचूप मागे घेतलं. ते का मागे घेतलं, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणाला पडला नाही.

आम्ही विश्वास ठेवला त्याला आमच्या बंदराचं एक कारणही आहे. इथे पोराला चालता यायला लागलं की तो बापाला बोटीचं बूड खरवडताना बघतो. बोट वर ओढायची, शेवाळ आणि चिकटलेली शिंपलं काढायची, तेल-रंग द्यायचा. हे नाही केलं तर बोट जड चालते आणि डिझेल जास्त खाते. ते डोळ्यांनी दिसतं, खिशाला कळतं. म्हणून एखाद्या नाखव्याला मी सांगितलं, "संगणकाच्या पोटात जुनी घाण साचली आहे, खरवडून देतो," की पुढचं काही समजावून सांगावं लागत नसे. पडद्यावर आकडा पळायचा, हजार-बाराशे 'एरर' लाल अक्षरांत दिसायच्या, मी एक बटण दाबायचो आणि सगळं हिरवं. नाखवा खूश, मी खूश.

पण रजिस्ट्री म्हणजे बोटीचं बूड नव्हे. मावशी म्हणाली तेच खरं, ती दप्तरी नोंद आहे. वारलेल्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर राहिलं म्हणून वाफ्यातली केळी उशिरा पिकत नाहीत. विंडोजला एखादी नोंद हवी असते तेव्हा ती वही पहिल्या पानापासून चाळत नाही. फांदीवरून फांदीवर जात थेट त्या ठिकाणी पोचते. काढून टाकलेल्या प्रिंटरच्या चार ओळी तिच्या वाटेत येतच नाहीत. एक्सपीपासून तर मोठ्या फाइलींचा लागेल तेवढाच तुकडा मेमरीत घेतला जातो. ज्या हजार 'एरर' मी पुसायचो, त्यांची जागा सगळी मिळून एका फोटोइतकीही नसायची. ९५-९८ च्या काळात रजिस्ट्रीला आकाराच्या मर्यादा होत्या, तेव्हा आवरासावरीला थोडा तरी अर्थ होता, एवढं मान्य करतो.

माझे डोळे उघडले ते २००६ च्या पावसाळ्यात. नारळी पौर्णिमा तोंडावर, बोटी पाण्यात जायच्या तयारीत, आणि मच्छीमारांच्या एका सोसायटीचा संगणक मंद. त्यावर डिझेलचा हिशेब होता, कोणत्या बोटीला किती लिटर ते सगळं. मी नेहमीप्रमाणे क्लीनर चालवला, सगळ्या खुणा केल्या, 'फिक्स' दाबलं. पैसे घेऊन घरी येऊन जेवायला बसतो तो निरोप आला. हिशेबाचा प्रोग्राम उघडत नव्हता. पडद्यावर 'रन-टाइम एरर ३३९'. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिकमध्ये कोणी लिहिलेला, त्याचे ओसीएक्स नावाचे सुटे भाग रजिस्ट्रीत नोंदवलेले असत. क्लीनरला त्या नोंदी अनाथ वाटल्या आणि त्याने त्या काढल्या. मी बॅकअप घेतला नव्हता. रात्रभर बसून एकेक फाइल रेगसर्व्ह३२ ने पुन्हा नोंदवली. पहाटे पाचला हिशेब उघडला. दारात उभे असलेले तांडेल काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मी हातातल्या घड्याळाने मोजायला लागलो. क्लीनर चालवण्याआधी संगणक किती वेळात सुरू होतो, नंतर किती वेळात. फरक पडायचा तो सेकंदा-दोन सेकंदांचा, तोही कधी इकडे कधी तिकडे. १२८ ची रॅम ५१२ केली की मात्र लोक विचारायचे, "नवीन दिला का?" सुरुवातीलाच उठून बसणारे पाच-सहा प्रोग्राम बंद केले तरी तसंच. एखाद्या व्हायरसने रजिस्ट्रीतल्या 'रन'च्या यादीत आपलं नाव घुसवलेलं असलं तर ती एक ओळ हाताने, आधी तिची प्रत बाजूला ठेवून, काढणं योग्यच होतं. पण नेमकी एक ओळ काढणं आणि डोळे मिटून हजार ओळी पुसणं यांत फार अंतर आहे.

खरी घाण दुसरीच होती, आणि तिच्यावर एकाही मासिकाने लेख लिहिला नाही. आमची हवा खारी. वर्षभरात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग धरायचे, संगणक सुरूच व्हायचा नाही. इलाज म्हणजे शाळेतलं पाच रुपयांचं खोडरबर. रॅम काढायची, पट्ट्या हलक्या हाताने घासायच्या, परत बसवायची. पंख्यात सुक्या बोंबलाच्या वासाची धूळ अडकलेली असायची, ती ब्रशने काढायची. हे केल्यावर कित्येक 'मेलेले' संगणक उठले. त्याचे मी वीस रुपये घ्यायचो, कारण गिऱ्हाईकाला खोडरबर दिसायचं. दीडशे घ्यायचो ते न दिसणाऱ्या कामाचे!

आणि रजिस्ट्रीचा खरा आजार? तो होता लोडशेडिंग. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. फाइल लिहिली जात असताना वीज जायची आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर यायचं की सिस्टीम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरची 'सिस्टीम' फाइल गहाळ किंवा खराब आहे. ती रजिस्ट्रीच होती, आणि ती घाणीने नव्हे, अर्धवट लिहिल्याने मोडलेली असायची. मग एक्सपीची सीडी घालून रिकव्हरी कन्सोलमध्ये जायचं, रिपेअर फोल्डरमधली जुनी प्रत आणायची, मग सिस्टीम रिस्टोअरच्या साठ्यातून ताजी शोधायची. दीड तासाचं काम. ते जमलं की कोणत्याही पगारापेक्षा जास्त आनंद व्हायचा, तो अजूनही आठवतो. पुढे यूपीएस आले आणि हा आजार कमी झाला. क्लीनरने तो एकदाही बरा केला नव्हता.

त्याच वर्षांत जगभर याचा उघड धंदा झाला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 'रजिस्ट्री क्लीनर एक्सपी' विकणाऱ्या टेक्सासच्या कंपनीला कोर्टात खेचलं. ती लोकांच्या पडद्यावर रजिस्ट्री बिघडल्याचे निरोप टाकून सुमारे चाळीस डॉलर उकळत होती. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असाच धंदा करणाऱ्या विनफिक्सर टोळीवर खटला भरला. फसलेल्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर होता. आकडा पळवायचा, लाल अक्षरं दाखवायची, बटण दाबायचं. वाचताना वाटलं, हे तर मीच करत होतो. मी दीडशेत आणि चहा पाजून, एवढाच फरक.

२०१० नंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. एसएसडी आली आणि मंदपणाची तक्रारच संपत गेली. मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्री क्लीनरना आपला पाठिंबा नाही असं स्वच्छ लिहून ठेवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये सगळ्यात लोकप्रिय अशा सीक्लीनरच्याच एका आवृत्तीत व्हायरस घुसल्याचं उघड झालं. ती तोवर सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली होती. २०१८ च्या विंडोज १० पासून रजिस्ट्रीची आपोआप निघणारी 'रेगबॅक'मधली प्रतही बंद झाली, फाइली असतात त्या शून्य आकाराच्या. म्हणजे पुसायची हौस तीच राहिली आणि मागची दोरी कापली गेली.

माझं दुकान मी २०१४ मध्ये बंद केलं. त्याचं दुःख करत बसत नाही, पण पावसाळ्यात येऊन बसणारी ती पोरं आता येत नाहीत हे जाणवतं. त्यांच्या हातात फोन आहेत आणि फोनवर 'जंक साफ करा' म्हणून ओरडणारी नवी ॲप्स. दुसरीकडे चांगले चालणारे संगणक भंगारात निघालेत, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि ठरावीक पिढीच्या आधीचा प्रोसेसर चालत नाही. मावशीच्या मुलीचा संगणक त्यातलाच. दुकानाने तो धड साफही केला नव्हता. मी झाकण उघडलं तेव्हा पंख्यावर बोटभर धूळ होती.

ती झाडली, रॅमला खोडरबर मारलं, ४ ची ८ जीबी केली, सुरुवातीचे सात प्रोग्राम बंद केले. रजिस्ट्रीला हात लावला नाही. मावशीने पैसे विचारले तेव्हा तिला म्हटलं, आधी त्या दुकानात जाऊन ४०० परत माग. तुमच्याही बिलावर ती ओळ असेल तर तुम्हीही मागा.