नववीचा वर्ग आणि ‘शाळा’

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी संध्याकाळी आम्ही काही कार्यकर्त्यांनी नालासोपारा पूर्वेला, आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात पडदा लावून मुलांना ‘शाळा’ हा मराठी चित्रपट दाखविला. आठवी ते दहावीची तीस-चाळीस मुले-मुली पुढे सतरंजीवर बसली होती. मागे त्यांच्या आया होत्या. दाराशी काही वडील मंडळी ‘जरा बघून जातो’ म्हणत उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाहीत.

‘शाळा’ ही मूळची मिलिंद बोकील यांची कादंबरी. २००४ साली मौज प्रकाशनाने ती प्रसिद्ध केली. तिच्यावर सुजय डहाके या तरुण दिग्दर्शकाने चित्रपट केला व तो जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. एकोणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. कादंबरीवरून पटकथा लिहिल्याबद्दल अविनाश देशपांडे निगडी यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

काळ आहे आणीबाणीचा, म्हणजे १९७५ नंतरचा. मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे नववीतले चार मित्र. जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते. दोघे एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. शिक्षकांना ठेवलेली टोपणनावे, बाकावरच्या खोड्या, एकमेकांवरची कुरघोडी, कोण कोणाकडे बघतो याच्या खबरी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारा चौघांचा अड्डा, हे सगळे पाहताना आमची मुले इतकी हसली की संवाद ऐकू येईनात. अर्धवट इमारत पडद्यावर आली तेव्हा तर एकच गलका झाला. वसई-विरारच्या मुलांना ती काय नवीन? इथे प्रत्येक टोळीची एक तरी अशी इमारत ठरलेली असते.

मुकुंदचे काम अंशुमन जोशीने आणि शिरोडकरचे केतकी माटेगावकरने केले आहे. दिलीप प्रभावळकरांचे मुख्याध्यापक अप्पा आणि जितेंद्र जोशीचा नरूमामा दोघेही लक्षात राहतात. नंदू माधव यांनी रंगविलेले मुकुंदचे वडील आमच्या दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनी मुद्दाम पाहावेत असे आहेत. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, टोळी विस्कटते आणि जोशीपुढे दहावीचे वर्ष उभे राहते. इथे सभागृह गप्प झाले.

दिवे लावल्यावर आम्ही मुलांना विचारले, “काय आवडले?” नेहमीची उत्तरे आली. मग मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “काका, यांच्या वर्गात निदान चौघे तरी होते. आमच्या शाळेत नववीतच दोघांना दाखला घेऊन जायला सांगितलं. शंभर टक्के निकाल लागायचा आहे म्हणे.”

त्या एका वाक्याने आमची संध्याकाळ बदलली.

आमच्या नववीची गोष्ट

आम्ही नववीत होतो ते १९९० च्या दशकाच्या मध्यावर. आमच्या शाळेची आणि रुळापलीकडच्या शाळेची जुनी खुन्नस. त्यांचे बँडपथक मोठे, तर आमचा कबड्डीचा संघ भारी. आंतरशालेय सामन्यांच्या दिवशी दोन्ही शाळांची मुले एकमेकांना चिडवीत मैदानावर यायची. हरणाऱ्या शाळेला वर्षभर तोंड लपवावे लागे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. चढाईला गेला की दोन गडी टिपल्याशिवाय परतत नसे. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते बिगारीचे काम करीत. घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून तो आमच्याबरोबर स्टेशनच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसे. पण गणित त्याला येत नसे आणि इंग्रजीचे धडे तो अर्थ न कळता पाठ करी. त्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला त्याने तीन गुण आणले आणि आमची शाळा जिंकली. मुख्याध्यापकांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून पाठ थोपटली. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.

मे महिन्यात नववीचा निकाल लागला. तो दोन विषयांत नापास. त्याच्या वडिलांना बोलावून सांगण्यात आले, “दहावीला हा निकाल खाली आणेल. दाखला घेऊन जा.” वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. दाखवतील तिथे त्यांनी अंगठा दिला. जूनमध्ये आम्ही नवीन वह्या घेऊन शाळेत गेलो आणि तो वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला लागला. त्या वर्षी रुळापलीकडच्या शाळेपेक्षा आमचा दहावीचा निकाल दोन टक्क्यांनी वर होता. शाळेने पेढे वाटले. त्यातला एक आम्हीही खाल्ला. खाताना तो आठवला नाही, याची लाज आजही वाटते.

शाळाशाळांतली चुरस मैदानावर असते तोवर ती आनंदाची. निकालाच्या टक्क्यांत शिरली की तिची किंमत कोणीतरी पोर मोजते. ते पोर बहुधा कोणाच्या घरचे असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नववीतच का?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षण, आणि तोवर नापास करायचे नाही, असा त्याचा मूळ नियम. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा आली आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीला हे कवच संपते. पुढे दहावीला बोर्डाची परीक्षा, वर्तमानपत्रात निकाल, गेटवर फलक. मग काही शाळांत नववीचीच गाळणी होते. कच्च्या मुलाला नापास करायचे, किंवा “सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरून परीक्षेला बसा,” असा सल्ला द्यायचा.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. काम करणाऱ्यांना, शाळा सुटलेल्यांना, संसाराला लागलेल्या भगिनींना खासगीरीत्या दहावीला बसण्याचा तो चांगला मार्ग आहे आणि त्यावर पास होऊन नोकरीला लागलेली माणसे आपल्या वस्तीत आहेत. पण रोज शाळेत येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गाबाहेर काढायला तो वापरला जातो, तेव्हा त्या मुलाचे शिक्षक जातात, मित्र जातात आणि सकाळी उठून जायची जागाही जाते.

‘शाळा’तल्या फावड्यासारखी गरीब घरची मुले प्रत्येक वर्गात मागे बसलेली असतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या आपण २०१४ साली पाहिला. तोही शाळेत जातो, त्यालाही वर्गातली एक मुलगी आवडते. पण घरच्या कामासाठी त्याला डुकरामागे धावावे लागते आणि वर्गातली मुले कुंपणावरून हसतात. जोशीची शाळा आणि जब्याची शाळा यांत किती अंतर आहे, ते हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की कळते. मुलांना दोन्ही दाखवावेत. आधी ‘शाळा’ दाखवावा, कारण आपल्या मुलांनाही नुसते हसण्याचा हक्क आहे.

पालकांनी एवढे करावे

त्या रविवारनंतर आम्ही दोघे-तिघे, ज्या दोन मुलांना दाखला घ्यायला सांगितले होते त्यांच्या घरी गेलो. एकाच्या वडिलांनी दाखला आधीच घेतला होता. दुसरी मुलगी होती. तिची आई धुणीभांडी करते. तिच्याबरोबर आम्ही शाळेत गेलो आणि फेरपरीक्षा घ्यावी असा साधा अर्ज दिला. भांडण केले नाही. मुख्याध्यापकांनी अर्ज ठेवून घेतला. दोन आठवडे आमच्यातील एका शिक्षक कार्यकर्त्याने रात्री तिचे गणित घेतले. आज ती दहावीच्या वर्गात बसते. तिचा निकाल काय लागेल ते फेब्रुवारी-मार्चची परीक्षा ठरवील. पण परीक्षेला ती आपल्या शाळेच्या गणवेशात जाईल.

म्हणून पालकांनी एवढे करावे. नववीच्या मुलाचे पहिल्या सत्राचे गुण दिवाळीतच पाहावेत, मे महिन्याची वाट पाहू नये. पालकसभेला कामावरून अर्धा दिवस काढून एकाने तरी जावे. मागे पडलेला विषय कोणता, तो शिक्षकांनाच विचारावा. शाळा सोडल्याचा दाखला पालकाच्या अर्जावर मिळतो, तेव्हा वाचल्याशिवाय कशावरही सही किंवा अंगठा देऊ नये. नापास झाल्यास फेरपरीक्षेबद्दल लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास पालघर जिल्हा परिषदेत माध्यमिक विभागाचे शिक्षणाधिकारी आहेत, त्यांच्याकडे जावे. एकटे जाण्याचे भय वाटत असेल तर वस्तीतील शिकलेल्या माणसाला बरोबर न्यावे.

आमचा तो कबड्डीचा गडी परवा विरार लोकलमध्ये भेटला. केस पिकले आहेत, उजव्या हाताचे एक बोट मशीनमध्ये गेले आहे. आम्ही त्याला चित्रपटाबद्दल सांगितले. तो म्हणाला, “माझा धाकटा नववीत आहे. त्याला दाखव. पुढच्या वेळी मलाही बोलव.”

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ‘शाळा’ पुन्हा लावणार आहोत. नववीच्या मुलांनी यावे, आणि येताना पहिल्या सत्राचे गुणपत्रक बरोबर आणावे.